आठवं कातडं

केस माझ्याच बाहीवरचा होता. समोर वनखात्याचे बारा रक्षक प्रशिक्षणाला बसले होते, सगळे चाळिशीपुढचे, सगळ्यांच्या डोळ्यांवर जेवणानंतरची झापड, आणि मला त्यांना दाखवायचं होतं की कुठल्याही दुकानात मिळणाऱ्या बिनरंगी नेलपॉलिशने केसाचा ठसा कसा घेतात. काचेवर पॉलिशचा एक हात मारायचा, ते ओलं असतानाच केस त्यावर टेकवायचा, वाळलं की चिमट्याने उचलायचा. केस जातो, त्याच्या खवल्यांची नक्षी मागे राहते. त्या नक्षीवरून आणि केसाच्या आतल्या गाभ्यावरून जनावर ओळखतात, आणि त्या जनावरावरून माणूस आत जातो, असं मी दरवेळी म्हणते आणि दरवेळी रक्षक मान डोलावतात. नमुन्यांची डबी कपाटात राहिली होती, उठायचा कंटाळा आला, म्हणून मी स्वेटरच्या बाहीवरचा एक केस चिमट्यात धरला आणि म्हटलं, "चला, साधं घरचं मांजर घेऊ." मागच्या बाकावरचा एक मिशाळ म्हणाला, "मॅडम, आरोपी तुमच्याच घरातला निघायचा हां." हशा पिकला. मीही हसले. ठसा घेण्याआधी बाहीवरचाच दुसरा केस सरळ काचेवर ठेवून डोळा सूक्ष्मदर्शकाला लावला, आणि हसू चेहऱ्यावर तसंच राहून गेलं, काढून ठेवायला विसरलेल्या चष्म्यासारखं. केसाला गाठी होत्या. ठरावीक अंतरावर केस फुगला होता आणि प्रत्येक फुगवट्यात त्याचे तंतू उसवून एकमेकांत घुसले होते, दोन केरसुण्या तोंडाला तोंड लावून दाबल्यासारखे. बावीस वर्षांच्या नोकरीत असा केस मी याआधी एकदाच पाहिला होता. पाच केस, तीन वर्षांपूर्वी, एका गोणपाटाच्या पोत्यातून निघालेले. त्या पाच केसांवर एक माणूस तुरुंगात बसला आहे.

मी रक्षकांना सांगितलं, हे आजारी जनावर दिसतंय, शिकायला बरं नाही, आणि उठून कपाटातली डबी आणली. माझा हात कधीच थरथरत नाही, त्याचं खात्यात कौतुक आहे. पण पुढचा अख्खा तास मी हरणाच्या आणि बकरीच्या केसातला फरक समजावत असताना त्याच हाताने ती बाही मुठीत धरून ठेवली होती. ती भीती होती. अपराधी वाटणं वगैरे मागाहून येईल अशी माझी समजूत होती. ते अजून यायचं आहे.

प्रकरण तसं किरकोळ होतं. मालधक्क्याजवळच्या एका गोदामात चपलांच्या खोक्यांमागे रानमांजराची सात कातडी सापडली, मीठ लावून घडी घातलेली. गोदामाच्या मालकाला आधीच कुणकुण लागली होती, तो पसार झाला. दाराशी एक हातगाडीवाला उभा होता आणि त्याच्या गाडीवर एक रिकामं पोतं. "मला माल न्यायला बोलावलं होतं, साहेब. कुठला माल, मला काय माहीत," एवढंच तो म्हणत राहिला. सगळी गोष्ट त्या पोत्यावर येऊन थांबली. पोत्यात मांजराचे केस निघाले तर त्याने कातडी वाहिली होती, नाही निघाले तर तो नुसता साक्षीदार, संध्याकाळी घरी. पोतं लाखेचं सील लावून माझ्याकडे आलं. थंडीचे दिवस होते, माझ्या खोलीतला हीटर बंद पडला होता आणि तो दुरुस्त करणारा माणूस उद्या येतो, उद्या येतो म्हणत होता. मुद्देमाल हाताळताना एप्रनखाली घरचे लोकरी कपडे घालायचे नाहीत असा नियम आहे. तो नियम मीच लिहिलेला आहे. त्या दिवशी मी घरचा स्वेटर घातला होता आणि त्याची बाही एप्रनच्या बाहेर दोन बोटं डोकावत होती. मी पोत्याच्या आतल्या शिवणीवर चिकटपट्टी दाबत गेले, उचलत गेले. पाच केस आले. एकालाही मूळ नव्हतं, म्हणून डीएनएचा प्रश्न नव्हता. होतं ते सगळं माझ्या डोळ्यांवर.

त्याच आठवड्यात बाबा माझ्याकडे राहायला आले होते. आई गेल्यावर चार वर्षं ते एकटे राहिले, मग दिसेनासं झालं, मग मी जाऊन घेऊन आले. सामानात दोन ट्रंका, एक रेडिओ आणि झाकणाची टोपली. टोपलीत मांजर, करड्या पट्ट्यांचं, थेट रानातून उचलून आणल्यासारखं दिसणारं. बाबा तिला बाईसाहेब म्हणत. मी म्हटलं, पंधरा दिवसांत हिची सोय लावते, मला घरात केस चालत नाहीत, दिवसभर तेच बघत असते. आमच्या प्रयोगशाळेत एक वही असते. काम करणाऱ्या प्रत्येकाचे केस आणि घरात कुत्रं-मांजर असेल तर त्याचेही केस तिच्यात चिकटवून ठेवतात, म्हणजे आपलीच घाण पुराव्यात पडली तर ओळखता यावी. दर सहा महिन्यांनी कारकून ती वही घेऊन टेबलाशी येतो. त्या वेळी "पाळीव प्राणी" या रकान्यात मी "नाही" लिहिलं. ते मला खोटं वाटलं नाही. मांजर मी पाळलेलं नव्हतं, ते बाबांसोबत आलेलं सामान होतं आणि पंधरा दिवसांत जाणार होतं. पुढे सहा वेळा वही आली आणि सहा वेळा मी "बदल नाही" म्हणून सही ठोकली. सहाव्या वेळी तर बाईसाहेब माझ्या उशीवर झोपत होती.

आता सगळ्यात लाजिरवाणा भाग. गोदामातल्या सात कातड्यांच्या केसांना गाठी नव्हत्या. एकाही नाही. साध्या डोक्याचा माणूस तिथेच थांबला असता, पोत्यातले केस कातड्यांशी जुळत नाहीत असं दोन ओळींत लिहून मोकळा झाला असता, आणि गाडीवाला घरी गेला असता. पण मी हुशार. मला वाटलं, सात नव्हती, आठ होती. केसांचा विकार झालेलं आठवं जनावर, त्याचं कातडं याच पोत्यातून आधीच बाहेर गेलेलं. हे सुचलं तेव्हा मला इतका आनंद झाला की मी उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या. त्या आनंदाची आठवण मला आजही गोड लागते, काय करू. अहवालात मी "असण्याची शक्यता आहे" असं लिहिलं, आम्ही नेहमी तसंच लिहितो. पण साक्षीच्या पिंजऱ्यात सरकारी वकिलांनी विचारलं, "शक्यता, की खात्री?" आणि मी म्हटलं, "खात्री."

तो शब्द माझ्या तोंडून निघाला, पण आवाज बाबांचा होता. बाबा गणिताचे मास्तर. मी नऊ वर्षांची असताना त्यांच्या टेबलावरच्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावर शाईची दौत सांडली. कुणी सांडली म्हणून त्यांनी विचारलं. मी त्या खोलीत खेळत होते खरी, पण मला खरंच आठवत नव्हतं, खिडकी उघडी होती, पडदा उडत होता. मी म्हटलं, "बहुतेक मी." थोबाडीत बसली. शाईसाठी नव्हे, "बहुतेक"साठी. "एक काय ते सांग," ते म्हणाले. मी म्हटलं, "मी." तर म्हणाले, "शाबास," आणि खरंच पाठीवर थाप दिली. ती शाई मी सांडली असेन किंवा नसेन. पण तेव्हापासून मला हे पक्कं कळलं की उत्तर बरोबर असण्यापेक्षा ते एक असणं महत्त्वाचं, आणि या एका गोष्टीवर मी नाव कमावलं. न्यायाधीशांना मी आवडते. मी "कदाचित" म्हणत नाही, त्यांचा वेळ वाचतो.

गाडीवाल्याचं पुढे जे झालं ते आठव्या कातड्यामुळे झालं. माझा अहवाल हातात पडल्यावर तपास अधिकाऱ्याला आठवं कातडं हवं झालं, आणि तो ते शोधायला गाडीवाल्याला अकरा दिवस घेऊन बसला. आठवं कुठंय? कुणाला दिलंस? त्याला सातांचंही माहीत नव्हतं. खटला उभा राहिला तेव्हा तो कानामागे हाताचा पंजा धरून ऐकत असे, प्रत्येक प्रश्न दोनदा ओरडून विचारावा लागे. न्यायाधीशांनी विचारलं, "तुला कुणी मारहाण केली का?" तो म्हणाला, "काय?" कोर्टात खसखस पिकली. मीही हसले होते. खोकल्याची गोळी तोंडात होती, ती घशात जाता जाता राहिली, म्हणून लक्षात आहे. निकालात लिहिलं होतं की आरोपीने शेवटपर्यंत आठव्या कातड्याचा ठावठिकाणा दडवला, त्याला कृत्याचा जराही पश्चात्ताप दिसत नाही, सबब दयेला पात्र नाही. पाच वर्षं. त्या संध्याकाळी ऑफिसात चहा-बिस्किटं झाली आणि कारकून म्हणाला, "मॅडमपासून जपून राहा बरं, केसाने गळा कापतात." कितीतरी दिवस हा विनोद चालला. गाडीवाल्याची बायको एकदा प्रयोगशाळेच्या फाटकाशी आली होती. तिला कुणीतरी सांगितलं होतं की बाईंनी सांगितलं तर सोडतील. खिडकीतून मला तिचं निळं पोलकं दिसत होतं. पहारेकऱ्याने मला विचारलं, भेटणार का? मी म्हटलं, साक्षीदाराने आरोपीच्या नातेवाइकांना भेटायचं नसतं. नियमच आहे तसा.

रक्षक गेल्यावर मी मुद्देमाल खोलीत गेले. तिथले सांभाळणारे, सगळे त्यांना कुलूपकाका म्हणतात, वही पुढे करत म्हणाले, "बरं झालं आलात ताई. हे प्रकरण गुरुवारी भट्टीत जायचंय. अपिलाची मुदत संपली, कोर्टाची चिठ्ठी आली." सोमवार होता तो. मी काचांची पेटी सही करून घेतली, खोलीला आतून कडी लावली आणि दोन्ही केस तुलनेच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले, डावीकडे कोर्टातला, उजवीकडे बाहीवरचा. या यंत्रात दोन चित्रं शेजारी दिसतात आणि मधे एक बारीक रेघ असते. मी उजवी काच हळूहळू सरकवत गेले आणि एका जागी पट्ट्याला पट्टा, गाठीला गाठ अशी लागली की रेघ कुठे आहे तेच कळेना. जुळण्या मी शेकड्यांनी पाहिल्या आहेत. इतकी सुंदर एकही नव्हती. मग मी खुर्चीवर बसून हिशेब केला, आणि तो अजिबात अवघड नव्हता. मी कागद लिहिला तर गाडीवाला दोन वर्षं आधी, एका कानाचा, बाहेर येईल. नाही लिहिला तर गुरुवारी सगळं जळेल आणि तो दोन वर्षांनी येईल. आणि मी? तीनशेच्या वर अहवाल, प्रत्येकावर माझी सही. प्रत्येक वकील ते उकरून काढील आणि बावीस वर्षांवर पाणी पडेल.

तरी मी लिहिला. हे मला नोंदवून ठेवायचं आहे, कारण दुसरं कुणी नोंदवणार नाही. घरी आले तेव्हा बाबा खुर्चीत होते, बाईसाहेब त्यांच्या मांडीवर, आणि त्यांचा हात तिच्या पाठीवरून जात होता, मानेपासून शेपटीपर्यंत, परत मानेपासून. तो हात माझ्या डोक्यावरून कधी असा फिरला नाही. मी एक्कावन्न वर्षांची आहे आणि तीन वर्षं एका मांजराचा हेवा करते आहे, लाज सोडून सांगते. मी दिव्याखाली तिचे केस फुलवून पाहिले. शेपटीजवळ चार बोटं जागा विरळ झाली होती.

"काय शोधतेस, चिमे?" बाबांनी विचारलं.

"पिसवा."

"तिला कुठल्या पिसवा? तुझ्याच ऑफिसातून आणल्या असशील."

बुधवारी सकाळी कागद पर्समध्ये घालून मी साहेबांच्या खोलीत गेले. साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मधे एकदा उठून दार लावलं, आणि बसल्यावर विचारलं, "लेखी दिलंत का कुणाला?"

"नाही. म्हटलं आधी तुमच्या कानावर घालावं."

"शहाणपणा केलात." मग ते बराच वेळ टाचण्यांच्या डबीशी खेळत राहिले. "हस्तिदंतवाले सहा जण तुमच्या सहीवर आत आहेत. खवले मांजरांच्या तस्करांची ती टोळी, तीही. एका गाडीवाल्यापायी त्या सगळ्यांना वाजतगाजत बाहेर काढायचं का?"

"साहेब, त्याने काही केलेलं नाही."

"असं तुम्ही म्हणता. गोदामाच्या दाराशी तर तो होता ना?" मग त्यांनी डबी बंद केली आणि अगदी सहज, घरी सगळे बरे आहेत ना अशा सुरात विचारलं, "ते मांजर आहे का अजून?"

मी कागद काढायला पर्स उघडली होती. माझी बोटं कागदावर होती. मी सांगायलाच गेले होते, खरंच सांगायला. पण प्रश्न इतका लहान होता, आणि त्याचं एकच एक उत्तर देता येण्यासारखं होतं. मी म्हटलं, "नाही साहेब. गेल्या वर्षीच मेलं."

त्यांनी मोठा श्वास सोडला. "मग झालं तर. तुलना कशाशी करणार? स्वेटरला कुठला तरी जुना केस राहिला असेल, कुणी शपथेवर काय सांगायचं?" आणि मी दाराशी पोचल्यावर म्हणाले, "उद्या भट्टीवर साक्षीदार म्हणून तुम्हीच जा. तुमचंच प्रकरण आहे." त्यांनी मला खोटं बोलायला सांगितलं नव्हतं, हे मी जिन्यावरून उतरताना स्वतःला दोन-तीनदा बजावलं. त्यांनी नुसतं विचारलं होतं. आणि माझा स्वभाव असा की केलेलं विधान खोटं राहू द्यायचं मला जमत नाही.

गुरुवारी सकाळी भट्टीवाल्याने पत्रकावरून वाचून दाखवलं, "कातडी आठ ना?" मी म्हटलं, "सात." तो म्हणाला, इथं निकालात आठ लिहिलंय. मी म्हटलं, आठवं मिळालं नाही. त्याने सातापुढे बरोबरची खूण केली, मग पोतं टाकलं, मग काचांची पेटी. पोत्याला कोपऱ्यात निळ्या कापडाचं ठिगळ होतं, बारीक हातशिलाईचं. ते कुणी घातलं असेल हे मला माहीत होतं, कारण फाटकाशी आलेल्या बाईच्या अंगातलं कापड तेच होतं. मी सही केली. तिथून रिक्षा केली आणि घरी आले. दुपारचे दोन, बाबा जेवून झोपलेले, मावशी गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या. मावशी आमच्याकडे नऊ वर्षं आहेत. स्वयंपाक, बाबांचं सगळं, आणि बाईसाहेबांचं दूध कोमट करून देणं, ते तर त्या कुणाला करू द्यायच्या नाहीत. मी टोपली उघडी धरली तशी बाईसाहेब आपणहून आत जाऊन बसली. रिक्षात ओरडलीही नाही.

जनावरांच्या डॉक्टरबाईंनी तिला उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाल्या, "हिला तर काहीच झालेलं नाही. केसांचं जुनं दुखणं आहे, मलम देते, महिन्याभरात जाईल."

"चावते ती," मी म्हटलं.

"कुणाला?"

"माझ्या वडिलांना. त्यांना दिसत नाही."

"दुसरं घर बघू या का? चांगली शांत वाटते हो."

"नको. दुसऱ्या कुणाला चावेल."

त्यांनी आणखी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि फॉर्म पुढे केला. मी तिला स्वतः धरलं. तिने माझ्या मनगटावर हनुवटी ठेवली होती, आणि सुई गेल्यावरही ती तशीच राहिली, फक्त जड झाली. रडू आलं मला, खोटं का सांगू. पण रडता रडता मी बाहीवरचे केस वेचत होते, आणि सगळे वेचून होईपर्यंत थांबले नाही.

चारला बाबा उठले. त्यांनी मांडी थोपटली, वाट पाहिली, पुन्हा थोपटली, मग हाक मारली. मावशींनी पलंगाखाली पाहिलं, कपाटावर पाहिलं, बशी वाजवली. मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होते आणि मी काहीही ठरवलेलं नव्हतं.

"दार कुणी उघडं टाकलं?" बाबांनी विचारलं. आवाज मास्तरांचा होता, सत्त्याऐंशीव्या वर्षीही.

"मी नाही हो बाबा," मावशी म्हणाल्या. "मागच्या दाराला कडी घालूनच मी वर गेले होते. मला पक्कं आठवतंय."

"चिमे, तू काय पाहिलंस?"

आणि मी साक्षीच्या पिंजऱ्यात बोलते तशी बोलले, सावकाश, दोन्ही बाजूंना ऐकू जाईल अशी. "मागच्या दाराच्या कडीत तुमच्या स्वेटरचा धागा अडकलाय, मावशी. तुटलेला आहे, आजचाच आहे. कडी काढताना हात आडवा गेला की तसा अडकतो." कडीत काहीही नव्हतं. मावशी उठून बघायलाही गेल्या नाहीत. त्यांनी आपलीच बाही वळवून पाहिली. जुनाच स्वेटर तो, चार ठिकाणी उसवलेला, एक धागा कोपरापाशी लोंबतच होता. तो त्यांनी बोटात धरला आणि त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. गाडीवाल्यापाशी अकरा दिवस घालवून त्याच्याकडून काही निघालं नव्हतं. मावशींना अर्धं मिनिट लागलं.

"असेल ताई," त्या म्हणाल्या. "बादली घेऊन गेले ना, घाईत काढली असेल कडी. माझ्याच हातून झालं."

"उद्यापासून येऊ नकोस," बाबा म्हणाले. मावशींनी डोळे पुसले, भाकरी करून ठेवली आहे, बाबांची संध्याकाळची गोळी डब्यात आहे, असं मला सांगितलं, आणि बाईसाहेबांची बशी हातात घेऊन जिना उतरल्या. मला वाटलं घरी गेल्या. पण थोड्या वेळाने खालून बशीवर चमचा वाजल्याचा आवाज आला आणि मावशींची हाक आली, "बाईसाहेब, ए बाईसाहेब, ये गं." आधी आमच्या इमारतीमागे, मग गल्लीत, मग रस्त्यापलीकडे. मी खिडकी लावून घ्यायला उठले.

"लावू नकोस," बाबा म्हणाले. "ती शोधून आणील."

मी खिडकी उघडीच ठेवली आणि त्यांच्याजवळ जाऊन बसले.